मृगाआधीचे पत्रक

मे महिना लागला की गोव्यातल्या घरांत पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, लगबग सुरू होते. अंगणात सोले वाळतात, माळ्यावर कांद्याच्या माळा चढतात, सुके बांगडे आणि गलमो (सुकी बारीक कोळंबी) डब्यांत जातात. एकदा पाऊस लागला की काय मिळेल आणि काय नाही, याचा भरवसा नसतो. आमदारांच्या कार्यालयातून मृगाआधी जे पत्रक निघते, ते मी याच बेगमीतले समजते. उत्तर गोव्यातल्या एका खेड्यापाड्यांच्या मतदारसंघात ते तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे केले. आता नवी मुले या कामाला लागली आहेत. त्यांतल्या दोघांनी विचारले, "ताई, तयारी कुठून करायची?" त्यांना तोंडी सांगितले तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

आपल्याकडे विधानसभेच्या ४० जागा आणि मतदारसंघ लहान, सरासरी तीस हजारांच्या आतबाहेर मतदार. त्यामुळे माणसे खात्याच्या दारात जाण्याआधी आमदारांच्या दारात येतात. झाड पडले, लाइट गेली, गृह आधार योजनेचे पैसे जमा झाले नाहीत, पहिला फोन तिथेच. पत्रक नीट निघाले तर यातले निम्मे फोन करावेच लागत नाहीत. माणूस थेट योग्य खिडकीवर जातो, तेही सगळे कागद घेऊन.

मेच्या पहिल्या आठवड्यात वही घेऊन बाहेर पडावे. संगणक नंतर. मतदारसंघात पाच-सात पंचायती असतील तर प्रत्येक पंचायतीच्या सचिवांना भेटावे, पण तेवढ्यावर थांबू नये. पहाटे दूध सोसायटीवर उभे राहावे, रेशनच्या दुकानाच्या कट्ट्यावर बसावे, पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, विचारावे. पोदेर रोज प्रत्येक वाड्यावर सायकल घालतो. कुठल्या साकवावर (ओढ्यावरच्या छोट्या पुलावर) गेल्या पावसात पाणी चढले, कुठली आंब्याची फांदी विजेच्या तारेवर टेकली आहे, कुठल्या घरात म्हातारी एकटी राहते, हे त्याला पंचांपेक्षा जास्त ठाऊक असते. एकेका वाड्याला वहीचे एकेक पान द्यावे. पुढे पत्रकात यातल्या दहा ओळी येतील किंवा दोनच, पण पत्रक कुणासाठी काढतो आहोत हे त्या पानांवरून कळते.

एप्रिलची ग्रामसभा नुकतीच झालेली असते. पंचायत राज कायद्याप्रमाणे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांतल्या एका रविवारी ग्रामसभा असते. एप्रिलच्या सभेत गटारे, व्हाळ (ओढे) आणि बांध यांवर कोण काय बोलले, ते सचिवांकडून वाचून घ्यावे. जुलैच्या सभेची तारीख ठरली असेल तर ती पत्रकात ठळक छापावी. लोक ग्रामसभेला येत नाहीत अशी तक्रार सगळेच करतात, पण नोटीस पंचायतीच्या फळ्यापलीकडे जातच नाही हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मग फोन नंबर. या कामात मी सर्वांत जास्त वेळ इथे घालवते आणि दुसऱ्या कुणाला घाईने उरकू देत नाही. ११२ हा आणीबाणीचा, १०१ अग्निशामक दलाचा, १०८ रुग्णवाहिकेचा, १०७७ जिल्हा आपत्ती कक्षाचा, १९१२ वीज तक्रारीचा, १०९८ मुलांसाठीचा. हे सर्वांना पाठ असतात असे आपण धरून चालतो, पण ते पाठ नसतात. झाड पडल्यावर ते कापून रस्ता मोकळा करायला अग्निशामक दलाचे जवान येतात, म्हणजे १०१ फिरवायचा, हे आमच्याच एका गावातल्या शिकल्यासवरल्या कुटुंबाला माहीत नव्हते. घरावर माड कोसळला तेव्हा त्यांनी तासभर पंचाला शोधले. म्हणून नुसता नंबर छापू नये, त्याच्यासमोर तो कशासाठी ते लिहावे. तारेवर झाड पडले तर आधी वीज खाते, मग अग्निशामक, आणि तोवर तारेजवळ कुणी फिरकायचे नाही, हाही क्रम तिथेच द्यावा.

स्थानिक नंबर, म्हणजे वीज उपकेंद्र, पाणीपुरवठा, सार्वजनिक बांधकाम खाते, प्राथमिक आरोग्य केंद्र, मामलेदार कार्यालय आणि पोलीस ठाणे, हे प्रत्येकी दोनदा फिरवून पाहावेत, एकदा दुपारी आणि एकदा रात्री दहानंतर. रात्री जो उचलला जात नाही, त्याच्यापुढे "कार्यालयीन वेळेत" असे लिहावे. गेल्या वर्षीच्या पत्रकातून नंबर उतरवून घेऊ नयेत. लाइनमनची बदली झालेली असते, अभियंता नवा आलेला असतो. एकदा आम्ही असा जुना नंबर छापला आणि निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना पावसाळाभर रात्री-अपरात्री फोन येत राहिले. बिचारे प्रत्येकाला शांतपणे नवा नंबर देत होते. चूक पूर्णपणे आमची होती, आणि मी त्यांची घरी जाऊन माफी मागितली.

पत्रक कागदावरच का छापायचे, असा प्रश्न नवी मुले हमखास विचारतात, कारण सगळ्यांकडे व्हॉट्सॲप आहे. त्यांना मी १६ मे २०२१चा दिवस आठवायला सांगते. तौक्ते वादळ किनाऱ्याने वर गेले आणि कितीतरी गावांत काही दिवस वीज नव्हती. मोबाइल उतरले, टॉवर बंद पडले. ज्या नंबरांची खरी गरज होती ते बंद पडलेल्या फोनमध्येच अडकले. व्हॉट्सॲपवर जरूर पाठवावे, पण त्याआधी कागद छापून प्लास्टिकच्या पाकिटात घालावा. आणि मेची पंधरा तारीख उलटू देऊ नये. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते, पण वादळाला पंचांग लागत नाही.

नदीकाठच्या वाड्यांसाठी वेगळी पुरवणी करावी. आपल्याकडचा पूर नुसत्या आपल्या पावसाने येत नाही. तिळारी धरण महाराष्ट्रात, दोडामार्गात, पण तिथे पाणी सोडले की ते शापोरा नदीने पेडणे, डिचोली आणि बार्देशच्या काठांवर उतरते. २०१९च्या ऑगस्टमध्ये साळ, इब्रामपूर आणि हणखणेच्या लोकांनी ते भोगले. साखळीत वाळवंटी चढली की बाजारात पाणी येते, सत्तरीत अंजुणे धरण भरत आले की काठची गावे कान टवकारून असतात. २०२१च्या जुलैत म्हादईच्या खोऱ्यात घरे कोसळली तेव्हा बऱ्याच जणांना रात्री कुठे जायचे तेच कळले नव्हते. म्हणून पुरवणीत तीन गोष्टी हव्यात. पाणी सोडणार असल्याचा इशारा कोण देईल आणि कसा, म्हणजे भोंगा, पंचायतीची गाडी की फोन. आसरा कुठे, म्हणजे कुठली शाळा किंवा देवळाचा कुठला सभामंडप, आणि त्याची किल्ली कुणाकडे. गुरे कुठे न्यायची. किल्लीची ओळ कुणी विसरू नये. शाळा ठरलेली असते, आदेशही निघालेला असतो, आणि किल्ली असलेले गृहस्थ लग्नाला परगावी गेलेले असतात. आणि गुरांची सोय सांगितल्याशिवाय धनगरवाड्यावरचा माणूस हलत नाही. त्यात त्याचे काही चूक नाही, त्याचे सगळे धन तेच आहे.

नुकसान झाले तर काय करायचे, याला अर्धे पान द्यावे. आधी फोटो काढावेत, मग मलबा हलवावा. तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्यावा आणि त्यावर काय लिहिले ते सही करण्याआधी वाचावे. भातशेती, केळी, सुपारी यांच्या नुकसानीचा अर्ज विभागीय कृषी कार्यालयात, शेतकरी आधार निधीसाठी. त्यासाठी कृषी कार्ड लागते, आणि ज्याच्याकडे ते नाही त्याने पाऊस पडण्याआधी, मे महिन्यातच काढायला हवे. ही एक ओळ दरवर्षी छापते, आणि दरवर्षी चार-सहा जण तरी ती वाचून वेळेत जातात.

योजनांचे पान तयार करताना माझ्या डोळ्यांसमोर एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो. एका वर्षी आम्ही लिहिले होते, "अमुक तारखेला शिबिर आहे, आवश्यक कागदपत्रे घेऊन यावे." डोंगरावरच्या वाड्यावरून एक आजी पहिल्या बसने आल्या. डब्यात रेशनकार्ड, आधार, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, जुनी घरपट्टी, सगळे फडक्यात बांधून आणले होते. नव्हते ते फक्त बँकेचे पासबुक, आणि नेमके तेच हवे होते. परतीची बस दुपारी तीनला. त्या बाकावर बसून राहिल्या, आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून "आवश्यक कागदपत्रे" हे दोन शब्द मी पत्रकात येऊ देत नाही. प्रत्येक कागदाचे नाव लिहायचे, मूळ हवा की झेरॉक्स ते लिहायचे, किती प्रती हव्यात ते लिहायचे.

गृह आधारचे महिन्याचे १,५०० रुपये महिला व बालविकास खात्याकडून येतात, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे ज्येष्ठांचे २,००० रुपये समाजकल्याण खात्याकडून. लोकांच्या मनात दोन्ही एकच असतात, आणि पैसे थांबले की ते चुकीच्या कार्यालयात जातात. दोन योजना, दोन खाती, दोन पत्ते, असे शेजारी-शेजारी मांडावे. हयातीचा दाखला वेळेत न दिल्याने मदत थांबते, तेव्हा त्याची मुदत खात्यात विचारून, लेखी उत्तर हाती आल्यावरच छापावी. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचे आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण आहे, पण कार्डाचे नूतनीकरण राहिले तर इस्पितळाच्या खिडकीवर ते उपयोगी पडत नाही. पावसाळ्यात आजार वाढतात, म्हणून ही आठवण मेमध्येच करून द्यावी.

आरोग्याचे फार लांबवू नये. चिखलात काम करणाऱ्याला ताप आला तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) शंका धरून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. साप चावला तर गावठी उपायांत वेळ न घालवता, सर्पदंशावरचे इंजेक्शन जिथे उपलब्ध आहे तिथे न्यावे, आणि ते कुठे आहे हे आपण केंद्राला विचारून नावासकट छापावे. माकडतापाचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे असतो, तेव्हा सत्तरीच्या बाजूला त्याची सूचना हिवाळी पत्रकात घालावी, इथे नाही.

आमदारांच्या कामाचा हिशेब पत्रकात हवाच, पण तो कसा मांडावा याबद्दल माझे मत पक्के आहे. "विकासकामांना चालना दिली" हे वाक्य कुणाच्याही कामाचे नाही. मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात कुठला तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचा) किंवा अतारांकित (फक्त लेखी उत्तराचा) प्रश्न विचारला, मंत्र्यांनी लेखी उत्तरात काय म्हटले, काम कधीपर्यंत होईल असे सांगितले, आणि आज ते कुठे पोचले आहे, हे चार रकाने पुरे. उत्तर "विचाराधीन आहे" असे आले असेल तर तसेच छापावे. मंजूर झालेले आणि सुरू झालेले यांत फरक करावा. साकवाचे काम मंजूर आहे म्हणजे यंदा मुले त्यावरून शाळेत जातील असे नव्हे, आणि आईला ते जूनआधी कळायला हवे. आमचे आमदार सुरुवातीला यावर नाखूश होते. अपुऱ्या कामांची यादी आपल्याच पत्रकात कशाला, असे त्यांना वाटे. पण पहिल्याच वर्षी लोक तो कागद हातात धरून आले, कुठल्या खात्याच्या मागे लागायचे ते विचारू लागले, काहींनी सोबत यायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच विचारले, "राहिलेल्या कामांचा रकाना भरलास ना?"

शिवाय पावसाळी अधिवेशन बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये भरते. म्हणून शेवटच्या पानावर चार रेषांची मोकळी जागा ठेवावी, "विधानसभेत मांडण्यासाठी तुमच्या वाड्याचा प्रश्न", आणि तो कुठल्या तारखेपर्यंत कुठे द्यायचा ते लिहावे. ते पान फाडून देता येईल असे असावे.

मतदारयादीची चौकट छोटी ठेवावी: नवीन नावासाठी अर्ज क्रमांक ६, वगळण्यासाठी ७, दुरुस्ती किंवा पत्ता बदलण्यासाठी ८. निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर पत्रक छापण्याआधी निवडणूक अधिकाऱ्यांना विचारावे.

काय छापू नये, हेही तयारीतच येते. मदत घेतलेल्या माणसाचे नाव आणि फोटो नको. मदत स्वीकारताना ओशाळलेला चेहरा अख्ख्या गावाने वर्षभर फळ्यावर का पाहावा? लाभार्थ्यांची यादी नको, कुणाचा आधार क्रमांक नको. आमदारांचा फोटो एक, शेवटच्या पानावर, छोटा.

भाषा साधी मराठी, मोठा टाइप. पोथी आणि रोजचे वर्तमानपत्र वाचून ज्यांची नजर मराठीला सरावली आहे, अशी वडीलधारी मंडळी आमच्या तालुक्यांत पुष्कळ आहेत. सोबत देवनागरी कोकणीत एक प्रत काढावी. काजूच्या बागांत आणि बांधकामावर बाहेरून आलेली कुटुंबे असतात, त्यांच्यासाठी नंबरांचे पान हिंदी आणि कन्नडमध्येही असू द्यावे. पूर आला की तो त्यांच्या झोपड्यांत सर्वांत आधी शिरतो. छापायला देण्यापूर्वी मसुदा स्वयंसाहाय्य गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून घ्यावा. बायका जिथे "म्हणजे काय गो?" विचारतील ती ओळ पुन्हा लिहावी. आमचे एक पत्रक असे तीनदा लिहिले गेले.

वाटप मेच्या तिसऱ्या आठवड्यात उरकावे. पंचायत, रेशन दुकान, दूध सोसायटी, देऊळ, चॅपेल, बालवाडी, बसथांबा, आरोग्य केंद्र. फळ्यावर लावायची प्रत पिशवीत घालून, पिशवीचे तोंड खाली करून ठोकावी, नाहीतर आत पाणी साचते. वाडे मोजून घरटी एक प्रत, शिवाय पंचवीस-तीस जादा, कारण पहिल्या सरीत काही भिजणारच. एकट्या राहणाऱ्यांच्या घरी स्वतः जावे, दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून द्यावा, आणि निघण्यापूर्वी त्यांच्याकडून त्यांच्या फोनवर १०८ एकदा नुसता दाबून घ्यावा, हिरवे बटण न लावता. बोट सरावलेले बरे.