उंबराचं फूल मुलांना कसं दाखवावं

बऱ्याच दिवसांनी कुणी घरी आलं की आपण म्हणतो, ‘काय, उंबराचं फूल झालात!’ उंबराला फूल दिसत नाही, म्हणून हे बोलणं. पण फुलं असतात, तीही शेकड्यांनी, फक्त फळाच्या आत. खरं तर ज्याला आपण फळ म्हणतो, ती फुलांची बंद थैलीच.

आधी झाड गाठा. दत्ताच्या देवळापाशी बहुधा असतंच. तिथलं असेल तर विचारून घ्या. फळांचे झुबके थेट खोडाला लगडलेले दिसतील. दोन पुरेत: एक हिरवं, कडक आणि एक नुकतंच रंग पालटू लागलेलं.

फणस कापताना लावतो तसं हाताला आणि सुरीला गोडेतेल चोळा, नाहीतर चीक निघता निघत नाही. सुरी मोठ्यांनीच धरावी. देठाच्या विरुद्ध टोकाला खवल्यांनी मिटलेलं बारीकसं तोंड असतं. तिथून देठापर्यंत हिरवं फळ उभं चिरा.

आता भिंग. आतल्या भिंतीवर दाट लव दिसते ना, ती सगळी फुलं. माझ्या भाचीने टाचणीने एकेक काढून मोजायला घेतली आणि दोनशेला कंटाळून फळ माझ्या हातात दिलं. अर्धंही झालं नव्हतं.

मग या बंद खोलीत पराग नेतं कोण? गांधीलमाशीची चिलटाएवढी नातलग. तोंडातून घुसताना बहुतेकदा तिचे पंख तुटतात. आत ती फुलांना पराग देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिचे मुलगे बिनपंखांचे. बहिणींसाठी भिंतीत बोगदा पाडायचा आणि मरायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. माद्या पराग घेऊन त्या बोगद्यातून उडतात. (यातलं किती सांगायचं, ते मुलाच्या वयावर.)

दुसरं फळ काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला तलम कापड बांधा. वेळ जुळली तर एक-दोन दिवसांत माश्या बाहेर येतील. त्या माणसाला चावत नाहीत. ‘उंबर फोडून केंबरे उडवणे’ म्हणजे झाकलेलं उकरून काढणे. ही केंबरे म्हणजे उंबरातले हेच किडे, तेव्हा जुन्या माणसांनी फळ फोडून पाहिलेलं दिसतंय.

‘मग अंजिरातही माशी असते?’ हे मुलं विचारणारच. अंजीर उंबराचाच भाऊबंद, पण पुरंदरचं अंजीर परागाशिवायच धरतं. निर्धास्त खाऊ द्या.