हावड्याचं ‘बी गार्डन’ पाहायला जाताना

शिवपूरच्या या बागेचं सरकारी नाव आचार्य जगदीशचंद्र बोस भारतीय वनस्पती उद्यान. हावडा स्टेशनबाहेर मात्र ‘बी गार्डन’ (बोटॅनिकल गार्डनचं छोटं रूप) एवढंच विचारा. नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला, कुठूनही हावड्याची गाडी सरळ मिळते. बागेचा सुट्टीचा वार तेवढा निघण्याआधी पाहून घ्या.

जायचं ते डिसेंबर-जानेवारीत. तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला की उन्हाळ्याअखेर निघू म्हणाल, तर फसाल. आपल्याकडे विदर्भात ४४ अंशांत घाम अंगावर वाळतो, म्हणून निभतं. तिथल्या दमट हवेत ३५ अंशांतही तो वाळत नाही, अंग तापत जातं नि भोवळ येते. माणशी दोन लिटर पाणी ठेवा. त्यातल्या एका लिटरात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. डासांसाठी पूर्ण बाह्यांचा सदरा.

बाग आहे सुमारे २७० एकर. सगळी पायी पालथी घालायच्या भानगडीत पडू नका. सकाळीच आत शिरून आधी महावटवृक्ष गाठा. लोक तिथे मधलं खोड शोधत फिरतात. ते नाहीच! वादळांनी मोडल्यावर बुरशी लागली, म्हणून १९२५ मध्ये काढून टाकलं. चार एकरांहून मोठा पसारा आता पारंब्यांवर उभा आहे. लोंबती पारंबी सुतळीसारखी बारीक, पण माती धरलेली पाहा: खांब झालेला असतो.

झाडाआधी पाटीचा फोटो काढा, नाहीतर घरी आल्यावर कोणतं झाड कोणतं ते कळत नाही. पाटीवर आधी वंश, मग जात, मग नाव देणाऱ्याचं तुटक नाव. तेंदूची पाटी दिसली तर शेवटी ‘रॉक्सब.’ असेल. तो विल्यम रॉक्सबर्ग, १७९३ पासून याच बागेचा अधीक्षक. सागाचं कुळ जुन्या पाटीवर व्हर्बिनेसी असतं, नव्या पाटीवर लॅमिएसी, म्हणजे तुळशीचं. चूक कुणाचीच नाही, वर्गीकरण बदललं. मोह आणि चिकू मात्र दोघेही सॅपोटेसी. पान तुटलं की दोघांनाही चीक येतो. तिथे तोडून पाहू नका, ते गावातच करा.

१७८७ मध्ये रॉबर्ट किडने ही बाग मांडली, त्यामागे जहाजांसाठी सागवान पिकवायचाही बेत होता. गंगेच्या चिखलट गाळात सागाची खोडं बुंध्याशी पोकळ पडू लागली आणि तो बेत सोडावा लागला. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सागाचा एक फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा. तिथे साग दिसला, तर दोन्हींचे बुंधे शेजारी ठेवून पाहता येतील.