पांढरं शीड करडं का येतं?

जायकवाडीच्या नाथसागरावर काढलेल्या फोटोंत पांढरं शीड हटकून करडं यायचं. शिडाने फ्रेम भरली की कॅमेरा त्या पांढऱ्याला मध्यम राखाडी समजतो आणि उजेड कमी करतो. होडी लांब असली की उलटं होतं: गडद पाण्यामुळे शीड पांढरंफटक जळतं, म्हणजे त्यातला तपशील उरत नाही. म्हणून ऑटो सोडलं. मॅन्युअल मोड (सगळं आपण ठरवायचं), आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता २००, शटर १/१००० सेकंद, उन्हात अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक एफ ७.१च्या आसपास, उन्हातल्या शिडावर स्पॉट मीटर (फक्त एका ठिपक्याचा उजेड मोजणारा) धरून +१.३, म्हणजे मीटर सांगतो त्यापेक्षा तेवढे स्टॉप जास्त उजेड; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. ऊन बदललं तरच हात लावायचा.

फोकस कंटिन्युअस, म्हणजे हलत्या होडीमागे सतत जुळत राहणारा, पण कोऱ्या कापडावर नको, तिथे लेन्स नुसती पुढं-मागं होत बसते. शिडावरचा नंबर किंवा शिवण धरायची. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा फिल्टर, पाण्याची चकाकी मारतो, पण दीड-दोन स्टॉप खातो. मी काढूनच ठेवतो. शर्यतीत उभं राहायचं तर वळणाच्या बोयासमोर (पाण्यावर तरंगणारी खूण), होड्या तिथेच एकमेकींना खेटतात.