ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरचा अभ्यास कसा करावा

नागपुरात एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना रोगप्रतिकारशास्त्र शिकवताना मला दरवर्षी तीच वही दिसते: डावीकडे पेशी, उजवीकडे तिचा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, म्हणजे कोणती जनुके चालू वा बंद राहतील हे ठरवणारे प्रथिन. टी-बेट म्हणजे टीएच१, गाटा-३ म्हणजे टीएच२ (हे मदतनीस टी पेशींचे दोन प्रकार). या जोड्या पाठ जरूर कराव्यात, पण प्रत्येक फॅक्टरपुढे आणखी तीन रकाने आखावेत: तो काढला तर काय होते, परक्या पेशीत घातला तर काय होते आणि त्याचे प्रमाण बदलले तर काय होते.

पहिला रकाना पॅक्स५ या बी पेशींच्या (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या) फॅक्टरपासून भरावा. पॅक्स५ नसलेल्या उंदरांत बी पेशींची वाढ सुरुवातीच्या टप्प्यातच अडते, आणि १९९९ साली असे दिसले की अडलेल्या या पेशींना योग्य संकेत मिळाल्यास त्यांच्यापासून जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज, विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या एनके पेशी, इतकेच काय, टी पेशीही तयार होतात. २००७ मध्ये तर पूर्ण वाढलेल्या बी पेशींतून पॅक्स५ काढल्यावर त्या मागे फिरून पूर्वज अवस्थेत गेल्या आणि पुढे टी पेशी झाल्या. काटोलकडच्या बागांत जंबेरी या रानटी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात; डोळा फुटला म्हणून काम संपत नाही, खुंटावर येणारे जंबेरीचे फुटवे वेळोवेळी खुडावेच लागतात, नाहीतर झाड जंबेरीचे होते. पॅक्स५ हे खुडण्याचे काम, म्हणजे इतर पेशींची जनुके दाबून ठेवणे, बी पेशी बी पेशी असेपर्यंत सतत करतो, आणि माझ्या मते या विषयात समजून घेण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

दुसऱ्या रकान्यात २००४ चा प्रयोग लिहावा: बी पेशींत सी/ईबीपी-अल्फा हा मॅक्रोफेजच्या वंशातला फॅक्टर घातल्यावर त्या मॅक्रोफेज झाल्या, कारण हा फॅक्टर पॅक्स५ च्या कामातही अडथळा आणतो. तिसऱ्यासाठी पीयू.१ हा फॅक्टर घ्यावा, त्याचे प्रमाण जास्त असेल तर पूर्वज पेशी मॅक्रोफेजकडे वळते, कमी असेल तर बी पेशीकडे.

फॉक्सपी३ च्या ओळीत मात्र एक सूचना ठळक लिहून ठेवावी. नियामक टी पेशींची, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींची, ओळख त्याच्यावर उभी आहे आणि त्याच्या जनुकात दोष असलेल्या मुलांना आयपेक्स हा गंभीर स्वप्रतिकारक आजार होतो, हे खरे. परंतु माणसाच्या साध्या टी पेशीही सक्रिय झाल्यावर काही काळ फॉक्सपी३ दाखवतात. म्हणून फ्लो सायटोमेट्रीत (चमकते रंग जोडलेल्या प्रतिपिंडांनी एकेक पेशी मोजण्याच्या तंत्रात) केवळ या एका रंगावर निष्कर्ष काढू नये, पेशीच्या पृष्ठभागावरील सीडी२५ हे प्रथिन जास्त आणि सीडी१२७ कमी आहे ना, हेही पाहावे. शिवाय हा फॅक्टर केंद्रकात असतो, त्यामुळे केंद्रकापर्यंत प्रतिपिंड पोहोचवणारे बफर वापरले नाही तर नळीत फॉक्सपी३ असूनही आलेख कोराच राहतो.