बॅलिनास्लोच्या घोडेबाजाराला निघण्यापूर्वी

बाजार ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आयर्लंडच्या गॉलवे परगण्यात. डब्लिन–गॉलवे रेल्वे बॅलिनास्लोला थांबते, तेव्हा गाडीची चिंता नाही. मुक्काम मात्र आधी ठरवून ठेवा. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घ्याच. बाजाराचं मैदान हिरवळीचं, आणि पाऊस व टापा मिळून त्याचा चिखल करून टाकतात. पावसाचा अंगरखा हवा, छत्री नको, कारण ती फटकन उघडली की जनावर बुजतं. लहान मुलं सोबत असतील तर हात धरूनच फिरवा, घोड्याच्या मागून जाऊ नका. गर्दीतच घोडे दुडकवून दाखवतात, म्हणून कान उघडे ठेवा.

खरी तयारी सौद्याची. घ्यायचं नसलं तरी तासभर एखाद्या घोळक्याशी उभे राहा. आपल्याकडे हेडी, म्हणजे जनावरांचे दलाल, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात. इथे सगळं उघड्यावर, मोठ्याने. विकणारा एक आकडा सांगतो, घेणारा निम्म्यावर येतो आणि पाठ फिरवून चालू लागतो. मग मधला माणूस, ज्याला इथे टँगलर म्हणतात, तो घेणाऱ्याला ओढून परत आणतो, दोघांचे हात एकमेकांत देतो आणि म्हणतो, उरलेला फरक अर्धा अर्धा वाटून घ्या. तळहातावर थुंकून टाळी पडली की सौदा पक्का. म्हणून घ्यायचं मनात नसेल तर पुढे आलेल्या हातावर हात मारू नका. हा मुद्दा मी सगळ्यांत वर ठेवीन. इथे शब्दाची किंमत त्या टाळीत आहे.

खरंच घ्यायचं असेल तर रोख युरो, त्यातही सुट्ट्या नोटा, आणि दात पाहणारा जाणकार सोबत हवा. पाच वर्षांच्या घोड्याचे पक्के दात पूर्ण आलेले असतात. त्यापुढे वय झिजेवरून ओळखावं लागतं. पाय उचलून खूर पाहा, दगडी रस्त्यावर दुडकवायला सांगा. घोड्याचा पासपोर्ट, म्हणजे ओळखीची पुस्तिका, हातात घेऊन त्यातला मायक्रोचिपचा क्रमांक घोड्याच्या अंगातल्या चिपशी जुळवा. कागद नसेल तर कितीही देखणं जनावर असो, सोडून द्या.

पैसे मोजून दिल्यावर लगेच निघू नका. विकणारा त्यातलेच थोडे परत करतो, ती ‘लक पेनी’. किती, हे कधी कधी सौद्यातच ठरतं. ती घ्यायची, जनावर लाभावं म्हणून दिलेली असते.