एका अंगाने घोड्यावर बसताना

माळेगावच्या यात्रेत, म्हणजे नांदेडच्या लोहा तालुक्यात, घोडे खूप दिसतील. दोन्ही पाय डावीकडे ठेवून बसायचं खोगीर (साइडसॅडल) मात्र क्वचितच. साध्या खोगिरावर हा प्रयोग नकोच. साइडसॅडलला डाव्या बाजूला दोन वाकडी शिंगं, म्हणजे पायांना आधार देणारे खुंट, असतात आणि रिकीब (पाऊल ठेवायची कडी) एकच.

आधी नेहमीसारखं दोन्हीकडे पाय टाकून बसा. घोडा कुणीतरी धरलेला हवा. मग उजवा पाय मानेवरून डावीकडे आणून वरच्या शिंगावर टाका. डावी मांडी खालच्या शिंगाखाली. मधे आडवा तळहात जाईल एवढी जागा ठेवा, म्हणजे अडचणीत मांडी वर दाबून पकड घेता येते.

मोटारसायकलवर मागे एका बाजूला बसतो, तसं इथं चालत नाही. कंबर, खांदे घोड्याच्या कानांकडेच. भार उजव्या मांडीवर हवा. नवखी माणसं डाव्या रिकिबीवर जोर देतात. खोगीर डावीकडे सरकतं, घोड्याची पाठ सोलते. पाच-दहा मिनिटं चालवून तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) पुन्हा आवळा.

उजवीकडे पाय नाही, म्हणून तिथं लांब छडी. तिनं मारायचं नाही, नुसता स्पर्श. पहिल्या दिवशी वीस मिनिटं फक्त चाल, दुडकी नंतर.