ऑप्टिकल मॉड्युल तपासायला बसण्याआधी: ॲटेन्युएटर घेतला का?

ॲटेन्युएटर, म्हणजे फायबरमधला उजेड ठरलेल्या डीबीने (डेसिबलने) कमी करणारा छोटा जोड. 15 डीबीचा, एलसी कनेक्टरचा, सिंगलमोड फायबरचा, किमान दोन नग. शिवाय 5 आणि 10 डीबीचेही दोन-दोन. बाकी सामान उसनं मिळतं, मागून आणता येतं, नाहीतर काम उद्यावर जातं. गेल्या वेळी बॅगेत नेमका हाच नव्हता, म्हणून यादी इथून सुरू.

काहून? मॉड्युल म्हणजे स्विचच्या पोर्टमध्ये बसणारा, फायबरवर उजेडाने डेटा पाठवणारा आणि घेणारा डबा. 10 जीचं (सेकंदाला 10 गिगाबिटचं) 80 किलोमीटरचं झेडआर मॉड्युल घ्या. त्याचा लेसर साधारण 0 ते +4 डीबीएम सोडतो. रिसीव्हर मात्र -7 च्या खालचाच उजेड नीट वाचतो, तो थेट -24 पर्यंत. आता टेबलावर एक मीटरच्या पॅचकॉर्डने त्याचंच टीएक्स (पाठवायचं टोक) त्याच्याच आरएक्सला (घ्यायच्या टोकाला) जोडून लूप केला, की सगळा उजेड सरळ एपीडीवर, म्हणजे रिसीव्हरमधल्या उजेड पकडणाऱ्या डायोडवर. हा डायोड उलट्या व्होल्टेजवर चालतो, त्यात करंट आतल्या आत गुणला जातो. इतक्या उजेडात तो जळू शकतो. त्याहून वाईट म्हणजे कधीकधी तो पुरता जळत नाही. अर्धमेला होतो, टेबलावर लिंक अप दाखवतो, लेबल लागून निघूनही जातो, आणि वर्ध्याच्या लिंकवर 18-20 डीबी लॉस समोर आला की एरर ओकायला लागतो. मग आठवडाभर सगळे फायबरला शिव्या घालतात.

10 डीबीचा लावला की भागेल असं वाटतं. भागत नाही: +4 मधून 10 गेले की -6, म्हणजे अजून मर्यादेच्या वरच. 15 लावला तर -11, निवांत. 40 किलोमीटरच्या ईआरला किमान 5 डीबी लागतो, कारण टीएक्स +4 पर्यंत जातो आणि आरएक्सची मर्यादा -1. एपीडीवाली 100 जीची ईआर4 लाइट मॉड्युलंही याच पंगतीत. डेटाशीटमध्ये ओव्हरलोड (इथून पुढे नीट वाचता येत नाही) आणि डॅमेज थ्रेशोल्ड (इथून पुढे जळू शकतं) हे दोन वेगळे आकडे असतात, दोन्ही वाचा. एलआर, एलआर4 आणि एसआर ही कमी अंतराची मॉड्युलं सरळ लूप केली तरी चालतात. मॉड्युल ओढायच्या कडीच्या रंगावर विसंबू नका. लाल म्हणजे ईआर आणि पांढरी म्हणजे झेडआर हा रिवाज आहे, सगळे पाळतातच असं नाही. पार्ट नंबर वाचा.

क्रमही महत्त्वाचा. आधी लूपमध्ये, आरएक्सच्या बाजूला ॲटेन्युएटर बसवा, मग पॅचकॉर्ड मॉड्युलला लावा. बऱ्याच स्विचवर मॉड्युल आत सरकवलं की लेसर लगेच पेटतो, तेव्हा पोर्ट आधी शट करा. व्हेरिएबल ॲटेन्युएटर असेल तर मॉड्युल जोडण्याआधी त्याच्यावरचा आकडा बघा. शून्यावर असेल तर तो असून नसल्यासारखाच. जास्तीत जास्तवर नेऊन तिथून कमी करत या.

आणि हा फक्त टेबलावरचा प्रकार नाही. कामठी नागपूरपासून 16-17 किलोमीटरवर. तिथे स्टॉकमध्ये आहे म्हणून 80 किलोमीटरचं मॉड्युल लावलं, तर फायबरमध्ये जेमतेम 4-5 डीबी जातात. तिथेही ॲटेन्युएटर लागतोच.

आता जागा. कूलरच्या झोतात टेबल मांडू नका. खसाचे तुकडे, धूळ आणि खाऱ्या पाण्याचे कण थेट कनेक्टरवर येतात. पाणी सुकतं, डाग राहतो. एसीची खोली नसेल तर कूलर बंद करा आणि घाम काढा. नवतप्यात (मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) हवा इतकी कोरडी असते की खुर्चीवरून उठतानाही चटका बसतो, म्हणून मनगटाला ईएसडी पट्टा (अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडणारा) लावा आणि त्याचं दुसरं टोक खरोखर अर्थिंगला जोडा, टेबलाच्या रंगवलेल्या पायाला नाही.

सफाईचं सगळ्यांना माहीत आहे, तरी एकच बाजू पुसली जाते. पॅचकॉर्डचं टोक पुसून ते घाणेरड्या पोर्टमध्ये घालण्यात अर्थ नाही. 1.25 मिमीचा क्लिकवाला क्लीनर पोर्टच्या आतही चालतो. आधी स्कोपने बघा, पुसा, पुन्हा बघा, मगच जोडा. सिंगलमोडचा कोअर 9 मायक्रॉनच्या आसपास. एक कण पुरतो. ॲटेन्युएटरलाही दोन टोकं असतात, तीही पुसा. स्कोप लावताना लेसर बंद हवा, आणि डोळा कधीच नाही: 850, 1310, 1550, नॅनोमीटरच्या या तरंगलांबींपैकी काहीही दिसत नाही.

केबली: 400 जी डीआर4 ला हिरवा एपीसी (तिरप्या टोकाचा) एमपीओ-12 (एकाच कनेक्टरमध्ये 12 फायबर) लागतो, 100 जी एसआर4 ला मल्टिमोडचा सपाट एमपीओ. हिरवा, म्हणजे तिरपा, निळ्याला, म्हणजे सपाट टोकाला, भिडवला तर टोकं खरवडतात आणि लॉस वाढतो. बायडीला (एकाच फायबरवर दोन्ही दिशा चालवणाऱ्या मॉड्युलला) स्वतःवर लूप होत नाही. 1270 आणि 1330 नॅनोमीटरची जोडीच हवी. एमपीओची पोलॅरिटीही (कुठलं फायबर पलीकडे कुठे निघतं ते) बघून घ्या.

पॉवर मीटरवर तरंगलांबी आधी लावा. एलआर4 मध्ये मीटर चारही लेनची (चार वेगळ्या उजेडांची) बेरीज दाखवतो, तर डीडीएम (मॉड्युलचं स्वतःचं आतलं मोजमाप) एकेका लेनचा आकडा देतो. चार लेन सारख्या असतील तर 6 डीबीचा फरक हा दोष नव्हे. डीडीएमच्या पॉवरला मानकातच 3 डीबीपर्यंत चूक मान्य आहे, तेव्हा तो मीटरच्या जागी वापरू नका. ॲटेन्युएटर लावल्यावर मॉड्युलला जोडण्याआधी त्या टोकाचा उजेड एकदा मीटरवर वाचा. छापील 15 प्रत्यक्षात 15 च आहे ना, तिथेच कळतं.

एफईसी (चुका पकडून आपोआप दुरुस्त करणारं कोडिंग) दोन्ही बाजूंना सारखं. एसआर4 ला आरएस-एफईसी (त्याचाच एक प्रकार) लागतं, एलआर4 ला नाही. गोंधळ झाला की लिंकच येत नाही आणि मॉड्युलला दोष जातो. स्विच मॉड्युल ओळखत नसेल तर ईप्रॉमचं (मॉड्युलची ओळख साठवणाऱ्या चिपचं) कोडिंग बघा.

बीईआर (एकूण बिटांत चुकलेल्या बिटांचं प्रमाण): 10 जीवर 10 चा उणे 12 वा घात 95 टक्के खात्रीने म्हणायचा तर शून्य एररसह जवळजवळ 5 मिनिटं चालवावं लागतं, 25 जीच्या लेनला 2. तीस सेकंद बघून "ओके" लिहू नका. पॅम-4 ला (400 जीसारख्या, चार पातळ्यांच्या सिग्नलला) प्री-एफईसी, म्हणजे दुरुस्तीआधीचा बीईआर, 2.4 गुणिले 10 चा उणे 4 वा घात ही हद्द. तिच्या जवळ घुटमळणारं मॉड्युल पास नाही.

तापमान: आकडे 20 मिनिटं स्थिर झाल्यावरच घ्या. कमर्शियल मॉड्युलच्या केसची हद्द 70 अंश, 400 जीचं एकेक 10-12 वॅट खातं, तेव्हा रिकाम्या पोर्टना ब्लँक लावा आणि पंख्याची दिशा बघा.

टीएक्स, आरएक्स, बायस करंट (लेसरला जाणारा करंट), तापमान, बीईआर आणि लावलेले डीबी, सगळं सीरियल नंबरसमोर लिहा. काढताना आधी पोर्ट शट, मग कॉर्ड, मग मॉड्युल, आणि पुसलेली कॅप.